सतरांचा हिशोब

कर्बी स्टीफनच्या वर, जिथे रस्ता हात टेकून चिखल होतो,
तिथे एडगर डार्गचं कोठार.
फोनवर तो एवढंच सांगतो, "मेंढा शिंकतोय."
मी बॅग घेऊन पोचते
तर आधी दारावर खडूनं कोडं,
मेंढा नंतर.
उत्तर दिलं की कडी निघते.
शिरवळला पाच वर्षं जनावरांचं शिकले,
अशी तोंडी परीक्षा कुणी घेतली नव्हती.

पहिल्या दिवशी लिहिलं होतं:
माझ्या अंगणात डोकी तीस, पाय सत्त्याऐंशी.
मेंढ्या किती?
मी सोनटक्के बाईंची युक्ती काढली.
मेंढ्यांनो, मागच्या पायांवर उभ्या राहा.
आता कोंबडी काय, मेंढी काय, डोक्यामागे दोन.
साठ पाय जमिनीवर, सत्तावीस हवेत,
दोन-दोन करून वाटले
आणि एक पाय हातात उरला.
भुरभुर पावसात तो एक पाय
मी तीनदा मोजला.

मग कोठारामागून मॉस आला, लंगडत.
डावा मागचा पाय गवताच्या यंत्रानं नेलेला.
"तेरा," मी ओरडले. "तेरा मेंढ्या, सोळा कोंबड्या आणि हा!"
डार्ग कडीला हात घालणार
तेवढ्यात मी कुत्र्याचं थोटूक चाचपलं.
गुडघ्यापर्यंत शाबूत.
"तुमचंच कोडं चुकलंय. याला साडेतीन पाय आहेत.
आमच्यात या आकड्याला स्वतःचं नाव आहे, औट.
पाढासुद्धा आहे."
आणि म्हटला की मी, तिथेच, शेणात उभी राहून:
बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा.

म्हातारा गप्प.
मग त्यानं आजोबांची मेंढ्या मोजायची बोली काढली,
यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिम्प,
असं करत पंधराला बम्फिट.
दोन देशांतली चलनातून गेलेली नाणी
एकाच गल्ल्यात खणखणावीत तसे हसलो.
सत्त्याऐंशीपुढे त्यानं खडूनं अर्धा काढला.

हिवाळाभर हेच.
एकदा खऱ्याच दोन दोऱ्या आणि काडेपेटी:
दोरी तासभर जळते, पण एका चालीनं नाही,
यांच्यावर पाऊण तास मोजून दाखव.
मी एक दोन्ही टोकांनी पेटवली, दुसरी एकाच,
पहिली विझताच दुसरीचं उरलेलं टोक.
तोवर मेंढा वाट बघून आपोआप बरा झाला.

फेब्रुवारीत दारावर फक्त
सतरा. अर्धे, एक तृतीयांश, एक नवमांश.
"हे येतं मला," मी म्हणाले.
"शेजारून एक उसना आणायचा, अठरा करायचे.
नऊ, सहा, दोन. बेरीज सतरा.
उसना परत द्यायचा. काढा कडी."
त्यानं काढली. "आत मोज," म्हणाला.

सतरा मेंढे.
वकिलाकडे कागद झालाय, म्हणाला.
अर्धे थोरल्याला, तृतीयांश आयलीनला, नवमांश धाकट्याला.
आईला पुरलं त्या दिवसापासून
तिघं एकमेकांशी बोलत नाहीत.
"शेजारी एकटा बर्केट, आणि तो महाचिक्कू.
एकट्यादुकट्याला मेंढा देणार नाही.
तिघांना मिळूनच त्याचं दार वाजवावं लागेल."

अपूर्णांकांची बेरीज एक होत नाही
हे त्याला ठाऊक होतं. त्याला ती व्हायला नकोच होती.

"आणि एखादा मेला तर?" मी विचारलं. "सोळा झाले तर?"
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जणू सगळ्या हिवाळ्यात सुटलं नाही ते सोपं कोडं हेच.
"मग तुला कशाला बोलावतो?
तो बघ, तिकडचा. शिंकतोय."

मी गुडघ्यांवर बसले. थर्मामीटर लावला.
साडेएकोणचाळीस. ताप नाही.
पेंढ्याची धूळ, दुसरं काही नाही.
"नक्की?"
नक्की, म्हटलं,
आणि तरी उठताना पुन्हा सगळे मोजले,
त्याच्या बोलीत, बोट दाखवत,
बम्फिटच्या पुढे दोन:
यान-अ-बम्फिट.
टान-अ-बम्फिट.